मांडीशी भांडलेली खुर्ची

मुलांच्या कार सीटच्या मूळपुरुषाला अपघाताशी काही देणंघेणं नव्हतं. १९३०च्या दशकापर्यंत अमेरिकेत मोटार मध्यमवर्गाच्या दारात आली आणि मागे बसलेल्या पोराला आवरायचं कसं, हा प्रश्नही तिच्याबरोबर आला. १९३३ साली बनी बेअर नावाच्या कंपनीनं मुलाला उंचावर बसवणारी खुर्ची काढली. मुलाला खिडकीबाहेरचं दिसावं आणि पुढे बसलेल्या आईबापांच्या नजरेत मूल राहावं, एवढाच तिचा हेतू. नंतरच्या खुर्च्या लोखंडी नळ्यांच्या होत्या. गाडीच्या सीटच्या पाठीला त्या आकड्यांनी अडकवायच्या, आणि काहींना पुढे खेळण्यातलं स्टिअरिंगही असायचं. धडक बसली की खुर्चीसकट मूल पुढे जायचं. पण तेव्हा मोठ्यांनाच पट्टे नव्हते, तर मुलांचा विचार कोण करणार? व्हॉल्व्होच्या निल्स बोलिननं खांद्यावरून आणि कमरेवरून जाणारा तीनबिंदू पट्टा आणला तोच मुळी १९५९ साली.

‘मूल वाचलं पाहिजे’ हा विचार खुर्चीत शिरला तो १९६२च्या सुमारास, आणि दोन ठिकाणी वेगवेगळा. ब्रिटनमध्ये जीन एम्स या पत्रकार बाईंनी मुलाला पट्ट्यांनी जखडून धरणारी सीट काढली. अमेरिकेत डेन्व्हरच्या लेनर्ड रिव्हकिननं धातूच्या चौकटीची सीट केली. माझ्या मते मात्र या घराण्यातला खरा कर्तबगार पुरुष स्वीडनचा. बर्टिल आल्डमन हा तिथला डॉक्टर आणि संशोधक. अमेरिकेच्या जेमिनी यानातले अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेलून बसतात, म्हणजे प्रचंड जोर साऱ्या पाठीवर वाटला जातो, हे त्यानं पाहिलं आणि मुलाची खुर्ची चक्क उलटी फिरवली. बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला. १९६४ साली व्हॉल्व्होच्या गाडीत या कल्पनेची पहिली चाचणी झाली.

उलट्या खुर्चीचं शास्त्र बाळाच्या मानेत आहे. तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव असतं. मोठ्या माणसाचं सातवा-आठवा हिस्सा. मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, त्यांना धरणारे बंध सैल असतात. समोरून धडक बसली आणि बाळ पुढे तोंड करून असलं, तर पट्टे धड धरून ठेवतात आणि एवढं जड डोकं मानेला ओढत पुढे झेपावतं. तोंड मागे असलं की डोकं, मान, पाठ सगळंच खुर्चीच्या पाठीत एकदम दाबलं जातं. स्वीडनमध्ये चौथ्या वर्षापर्यंत मुलं उलटी बसतात. पाय दुमडले जातात म्हणून आपल्याकडच्या आज्या हळहळतील, पण मुलं मांडी घालून मजेत बसतात.

खुर्चीचं खरं भांडण लागलं ते मांडीशी. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात रॉबर्ट सँडर्स या बालरोगतज्ज्ञानं आमदारांच्या मागे लागून १९७७ साली कायदा करून घेतला. १ जानेवारी १९७८पासून लहान मुलांना गाडीत सीट सक्तीची झाली. अमेरिकेतला हा असा पहिला कायदा. पण तो मंजूर होताना त्यात एक पळवाट घातली गेली: मूल मोठ्या माणसाच्या हातात धरलेलं असेल तर चालेल. आईच्या कुशीपेक्षा सुरक्षित जागा कोणती, हा प्रश्न सभागृहात कोणाला खोडता येणार? सँडर्स त्या कलमाला ‘पोर चिरडणारी दुरुस्ती’ म्हणत. गणित त्यांच्या बाजूनं होतं. ताशी ५० किलोमीटर वेगानं जाणारी गाडी एक दशांश सेकंदात थांबली, तर १० किलोचं बाळ सुमारे १४० किलोच्या जोरानं हातातून सुटू पाहतं. पहिलवानालाही ते धरवत नाही. आईनं पट्टा लावला नसेल तर तिचंही सारं वजन बाळावर येऊन पडतं. पळवाट बुजली ती १९८१ साली. १९८५पर्यंत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांत कायदे झाले.

मग उघडं पडलं की सीट चांगली असते, पण बसवलेली चुकीची असते. गाडीचा पट्टा सीटच्या भलत्याच खाचेतून जातो, नाहीतर सैल राहतो. यावर उपाय म्हणून गाडीच्या सांगाड्यालाच एकमेकांपासून २८० मिलिमीटरवर दोन कड्या जोडायच्या आणि सीटचे आकडे त्यांत खटकन बसवायचे, अशी आयसोफिक्सची कल्पना निघाली. १९९७च्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये ती आली, १९९९मध्ये तिचं आंतरराष्ट्रीय प्रमाण ठरलं. तरी दोन कड्यांवर भागत नाही. सीट पुढे कलंडू नये म्हणून वरून मागे बांधायचा पट्टा किंवा गाडीच्या तळाला टेकणारा पाय लागतोच, आणि नेमका तोच लावायचा राहतो.

कड्या नसलेल्या गाडीत पट्ट्यानं बसवताना गुडघा सीटवर रोवून पट्टा ओढावा. मग पट्टा जिथून जातो तिथेच सीट धरून हलवावी. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त सरकली तर पुन्हा बसवावी. बाळाचे खांद्याचे पट्टे उलट्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीला किंवा किंचित खालून यावेत, पुढे तोंड असलेल्या सीटमध्ये खांद्याच्या पातळीला किंवा किंचित वरून. खांद्याजवळ पट्ट्याला चिमटीत घडी पडता कामा नये. दुपट्यात घट्ट गुंडाळलेलं बाळ सीटमध्ये बांधताच येत नाही, कारण एक पट्टा दोन पायांच्या मधून येतो. आधी बाळ बांधायचं, मग वरून दुपटं पांघरायचं. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेलेल्या आपल्याकडच्या कित्येक आज्या हे शिकून आल्या आहेत, कारण तिथे बाळाला घरी नेण्याआधी गाडीत सीट आहे ना, हे इस्पितळवाले विचारतात.

इथे मात्र मांडी अजून हरलेली नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९च्या दुरुस्तीनं १९४ब कलम आलं: १४ वर्षांखालचं मूल सुरक्षा पट्ट्यानं किंवा मुलांच्या सीटनं बांधलेलं नसेल तर १,००० रुपये दंड. पण मोठ्यांच्या पट्ट्यावर कायद्याचं समाधान होत असलं, तरी चार वर्षांच्या मुलाला तो पट्टा गळ्यावर आणि पोटावर येतो. साधारण १३५ ते १५० सेंटीमीटर उंची होईपर्यंत मुलाला उंच करणारा बूस्टर हवा, म्हणजे खालचा पट्टा मांडीच्या वरच्या हाडावर आणि वरचा खांद्याच्या मधोमध येईल. मूळपुरुषाचं उंचावर बसवण्याचं काम असं शेवटी सुरक्षिततेच्याच कामी आलं.

ऑक्टोबर २०२३मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या गाड्यांना सुरक्षिततेचे तारे देणाऱ्या योजनेच्या चाचण्यांत १८ महिन्यांच्या आणि ३ वर्षांच्या मुलांएवढ्या पुतळ्यांना सीटमध्ये बसवून गाडी आदळतात. गाडी घेताना मुलांच्या सुरक्षिततेचे तारेही विचारावेत. विक्रेता सनरूफबद्दलच बोलेल. आणखी एक. २०२१पासून नव्या गाड्यांत पुढच्या प्रवाशासमोरही एअरबॅग आली आहे. उलटी सीट त्या जागी कधीच नको, कारण फुगणारी पिशवी सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते. एअरबॅग बंद करायची सोय गाडीत असेल तर गोष्ट वेगळी. आणि आईच्या मांडीवरचं बाळ तर एअरबॅगच्या थेट समोर असतं.

पाळणा, दुपटी, झबली आपण एका घरातून दुसऱ्या घरात हौसेनं देतो. सीट देताना तेवढं थांबावं. मोठ्या अपघातात सापडलेली सीट बाहेरून धड दिसली तरी आतून तडकलेली असू शकते. सीटच्या बुडाशी कंपनीनं बनवल्याची तारीख आणि बऱ्याचदा वापराची मुदतही छापलेली असते. नात्यातल्या सीटचा इतिहास तरी विचारता येतो; ऑनलाइन जुन्या बाजारातल्या सीटचा तेवढाही नाही.