घरातच अडखळणारा खेळ : दोष इंटरनेटचा की भिंतीचा?

बोरगाव मेघे (जि. वर्धा), प्रतिनिधी - घरात गेम खेळण्याजोगा संगणक एकच, तोही आतल्या खोलीत अभ्यासाच्या टेबलावर. खेळायचे मात्र बैठकीतील टीव्हीवर किंवा हातातील फोनवर. वर्धा शहराला लागून असलेल्या बोरगाव मेघेसारख्या वस्तीतील घरांतही ही सोय आता साध्या राउटरच्या बळावर होऊ शकते. अडचण येते ती दुसऱ्या दिवशी. चित्र मध्येच गोठते, आवाज तुटतो, बटण दाबल्यावर क्षणभराने पात्र उडी मारते. अशा वेळी पहिला संशय इंटरनेट पुरवठादारावर घेतला जातो आणि दरमहा जादा पैसे मोजून मोठा प्लॅन घेतला जातो. हा खर्च बहुधा वाया जातो, कारण या खेळाची वाहतूक घराच्या उंबरठ्याबाहेर जातच नाही.

या पद्धतीत खेळ संगणकावरच चालतो. त्याचे चित्र सेकंदाला साधारणपणे ६० वेळा टिपून, आकुंचित करून राउटरमार्फत टीव्हीकडे किंवा फोनकडे धाडले जाते आणि खेळाडूने दाबलेली बटणे त्याच वाटेने परत येतात. एका चित्राला मिळणारा अवधी सुमारे १७ मिलिसेकंदांचा. चित्रपट पाहताना पुढील काही सेकंदांचा साठा आधीच करून ठेवता येतो. खेळात पुढचे चित्र खेळाडूच्या बोटावर अवलंबून असल्याने असा साठा करता येत नाही. त्यामुळे ज्या वाय-फायवर चित्रपट सुरळीत दिसतो, त्याच वाय-फायवर खेळ अडखळतो, यात नवल नाही.

कल्पना तशी जुनी आहे. सोनी कंपनीने २००६ मध्ये प्लेस्टेशन ३ वरील काही मजकूर पीएसपी या हातातील यंत्रावर पाहण्याची सोय दिली होती. संगणकावरील खेळांसाठी 'स्टीम'ने २०१४ मध्ये घरांतर्गत स्ट्रीमिंग सर्वांसाठी खुले केले. त्यासाठीचा 'स्टीम लिंक' हा छोटा डबा २०१५ मध्ये आला आणि २०१८ मध्ये बंद झाला, मात्र त्याच नावाचे अॅप आजही मिळते. एनव्हिडियाने आपली 'गेमस्ट्रीम' सेवा २०२३ मध्ये आवरती घेतल्यानंतर अनेकांनी 'सनशाइन' आणि 'मूनलाइट' ही मोफत जोडी स्वीकारली. पहिले संगणकावर बसवायचे, दुसरे टीव्हीवर किंवा फोनवर.

संगणक सापडतच नसेल तर

तक्रारींचे दोन प्रकार वेगळे करावे लागतात. पहिला प्रकार म्हणजे फोनला संगणक दिसतच नाही. याचे कारण वेगात शोधू नये. बहुतेक वेळा दोन्ही उपकरणे एका जाळ्यावर नसतात. पुरवठादाराने फायबरसोबत दिलेला डबा स्वतःचे वाय-फाय देतो आणि घरच्यांनी नंतर आणलेला राउटर आपले दुसरे. संगणक एकावर, फोन दुसऱ्यावर! दोन्हींचे आयपी पत्ते पाहिले की उलगडा होतो. एकाचा १९२.१६८.१ ने आणि दुसऱ्याचा १९२.१६८.० ने सुरू होत असेल, तर घरात दोन जाळी आहेत असे बहुधा समजावे. नव्या राउटरला 'अॅक्सेस पॉइंट' म्हणून चालवल्यास हा पेच सुटतो. तो पर्याय नसल्यास राउटरचा स्वतःचा पत्ता बदलून घ्यावा, त्यातील पत्ते वाटण्याची 'डीएचसीपी' सोय बंद करावी आणि डब्याकडून आलेली तार 'वॅन' ऐवजी 'लॅन'च्या खाचेत लावावी.

पाहुण्यांसाठीचे 'गेस्ट' वाय-फाय हेही नेहमीचे कारण. त्यावरील उपकरणांना एकमेकांशी बोलू दिले जात नाही. विंडोजने घरचे वाय-फाय 'पब्लिक' म्हणून नोंदले असेल, तर फायरवॉल बाहेरून आलेली हाक अडवते. ते 'प्रायव्हेट' करावे. फायरवॉल कायमची बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो मानू नये. कार्यालयीन कामासाठी बसवलेले व्हीपीएन चालू राहिले असल्यास ते तेवढ्यापुरते थांबवावे. आणि संगणक निद्रावस्थेत गेलेला नाही ना, हेही पाहावे. अनेकदा एवढेच निघते.

सापडतो, पण अडखळतो

खरी डोकेदुखी दुसऱ्या प्रकारात आहे. येथे अंदाजाने सेटिंग बदलत बसण्यापेक्षा पडद्यावरील आकडे वाचणे हिताचे. मूनलाइटच्या संगणकावरील आवृत्तीत कंट्रोल, आल्ट, शिफ्ट आणि एस ही बटणे एकत्र दाबली की माहितीचा तक्ता दिसतो. स्टीम लिंकमध्येही असा पर्याय आहे. जाळ्यातील विलंब आणि हरवलेल्या चित्रांचे प्रमाण वाढलेले दिसले, तर दोष वाटेचा. ते कमी असून चित्र उलगडण्याचा वेळच मोठा असेल, तर टीव्ही किंवा फोन थकलेला आहे. राउटर बदलून काही होणार नाही, चित्राचा दर्जा उतरवावा लागेल.

वाटेचा दोष ताडून पाहण्यासाठी संगणकावरून राउटरला सतत 'पिंग' करावे. उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येत राहिले तर ठीक. मधूनच ते ८० किंवा १०० वर उडी मारत असेल, तर चोर सापडला. सरासरीवर विसंबू नये; खेळ बिघडवतात त्या या उड्याच.

सर्वांत गुणकारी उपाय सर्वांत जुना आहे : तार. संगणक आणि फोन दोघेही वाय-फायवर असले, तर प्रत्येक चित्र हवेतून दोनदा जाते. एकदा संगणकाकडून राउटरकडे आणि पुन्हा राउटरकडून फोनकडे. एका वाहिनीवर एका वेळी एकच बोलू शकतो, म्हणजे वाट निम्मी झाली. संगणक राउटरला तारेने जोडला की निम्मे ओझे हवेतून उतरते. साधी 'कॅट ५-ई' किंवा 'कॅट ६' तार १०० मीटरपर्यंत चालते. वर्ध्याकडील घरांना यापेक्षा लांब तार क्वचितच लागेल.

तार ओढणे शक्य नसेल, तर ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरावा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच : १, ६ आणि ११. त्यातच शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह ओव्हन, इतकेच काय यूएसबी ३ च्या जोडण्याही गोंगाट करतात. साध्या फोनला या पट्ट्यावर ७२ मेगाबिटचा वेग दिसतो, हाती त्याच्या निम्म्याच्या आसपास येतो. १०८० दर्जाच्या, सेकंदाला ६० चित्रांच्या खेळाला मूनलाइट साधारण २० मेगाबिट मागते. हिशेब काठावरचा आहे, तोल जायला वेळ लागत नाही. ५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील ६०५ मेगाहर्ट्झ एवढा भाग दूरसंचार विभागाने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवानामुक्त केला. मात्र केवळ २.४ वर चालणारे स्वस्त राउटर आजही अनेक घरांत आहेत. जादा प्लॅनच्या पैशांत दोन्ही पट्ट्यांचा राउटर येत असेल, तर तो अधिक शहाणपणाचा व्यवहार.

५ गिगाहर्ट्झची मर्यादा अशी की ती लहर भिंतीपुढे लवकर दमते. विटांची एक भिंत ती पार करते; वरच्या मजल्यावरील खोली आणि खालचा राउटर यांच्यामध्ये सळ्यांनी भरलेला स्लॅब आला की अवघड होते. विदर्भातील घरांत आणखी एक अडथळा हंगामी असतो, तो म्हणजे कूलर. पत्र्याची पेटी, आत पाण्याने भरलेली टाकी आणि ओली गवताची ताटी. लोखंडी पत्रा लहरी परतवतो आणि पाणी त्या शोषून घेते. मार्चपर्यंत नीट चाललेला खेळ एप्रिलमध्ये अडखळू लागला, तर कूलर राउटर आणि खेळाडू यांच्यामध्ये आला आहे काय, हे आधी पाहावे. राउटर उंच जागी, मोकळा ठेवावा. शोकेसमध्ये, टीव्हीच्या मागे वा लोखंडी कपाटावर नको.

उन्हाळ्याचा दुसरा जाच तापमानाचा. वर्ध्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा फोन व लॅपटॉप स्वतःला वाचवण्यासाठी आपली गती कमी करतात. पहिली दहा मिनिटे खेळ छान आणि मग घसरण, असे घडत असल्यास वाय-फायला दोष देऊ नये.

ठरावीक अंतराने, जणू घड्याळ लावून झटका येत असेल, तर यंत्र पार्श्वभूमीवर आसपासची वाय-फाय शोधत असण्याचा संभव आहे. स्थान-सेवा बंद करून पाहावी. तरीही भागले नाही, तर दर्जा ७२० वर आणावा. १० मेगाबिटमध्ये काम होते आणि फोनच्या पडद्यावर फरक फारसा जाणवत नाही.

इंटरनेटचा येथे संबंध नाही, याची खात्री ज्यांना हवी असेल, त्यांनी मूनलाइटवर खेळ सुरू असताना फायबरच्या डब्यामागे लावलेला वेगळा राउटर चालू ठेवून त्याची बाहेरून आलेली तार काढून पाहावी. दोन्ही उपकरणे त्या राउटरवर असतील आणि खेळ इंटरनेटवर अवलंबून नसेल, तर तो चालू राहतो. २० मेगाबिटने तासाभरात सुमारे ९ गिगाबाइट माहिती घरातल्या घरात फिरते आणि प्लॅनच्या हिशेबात त्यातील काहीही धरले जात नाही. वीज गेल्यावर मात्र उपाय चालत नाही. संगणक इन्व्हर्टरवर असला, तरी राउटर साध्या प्लगवर असेल, तर तो पुन्हा सुरू होईपर्यंत डाव थांबतोच. राउटरचा प्लगही इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यावा.