कोण आहे जॅक क्वेड? आई-वडील दोघेही स्टार, तरी ओळख मिळायला सात वर्षं लागली

अजय देवगण-काजोलचा 'प्यार तो होना ही था' (१९९८) आपल्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिलाय. हा सिनेमा बेतला होता 'फ्रेंच किस' या १९९५ च्या हॉलिवूडपटावर. काजोलची भूमिका मूळ सिनेमात मेग रायनने केली होती. जॅक क्वेड हा याच मेग रायनचा मुलगा. प्राइम व्हिडिओवर 'द बॉइज' बघणारी तरुण मंडळी त्याला 'ह्यूई' म्हणून ओळखतात.

जॅकचा जन्म २४ एप्रिल १९९२ चा, लॉस एंजेलिसमधला. वडील डेनिस क्वेड हेही नावाजलेले नट. काका रँडी क्वेड यांना तर ऑस्करचं नामांकन मिळालेलं. आई-वडिलांचा घटस्फोट २००१ मध्ये झाला, तेव्हा जॅक नऊ वर्षांचा होता. पुढे तो न्यूयॉर्क विद्यापीठात अभिनय शिकला.

पहिलाच सिनेमा 'द हंगर गेम्स' (२०१२). त्यात लहानग्या रूला भाला फेकून मारणारा मार्व्हल म्हणजे जॅक. भूमिका छोटी, पण सिनेमा जगभर गाजला. आता खरं बोलायचं तर, नवख्या पोराला एवढ्या मोठ्या सिनेमाचं दार सहज उघडत नाही. आपल्याला घराण्याचा फायदा झाला, हे जॅकनेही मान्य केलंय.

पण दार उघडलं म्हणून पुढचं सगळं सोपं झालं असं नाही. २०१६ मध्ये 'विनाइल' ही मालिका मिळाली. मार्टिन स्कॉर्सेसी आणि मिक जॅगर यांच्यासारखी माणसं तिच्यामागे, तरी ती एकाच हंगामात बंद पडली.

नशीब फिरलं ते २०१९ मध्ये, 'द बॉइज'मुळे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काम करणारा साधा ह्यूई. त्याच्या डोळ्यांदेखत एक सुपरहिरो धावत येतो आणि त्याच्या प्रेयसीच्या चिंधड्या उडतात. इथून त्याची लढाई सुरू होते. गंमत म्हणजे मूळ कॉमिकमध्ये ह्यूईचा चेहरा सायमन पेग या इंग्लिश नटावरून काढला होता. मालिका येईपर्यंत पेगचं वय उलटून गेलं. मग त्यालाच ह्यूईचा बाप केलं! म्हणजे जॅकला भूमिका मिळाली तीही दुसऱ्याच्या चेहऱ्याची. घाबरणारा, चुकणारा, तरी मागे न हटणारा ह्यूई त्याने असा उभा केला, की आता दुसरं कोणी डोळ्यांसमोर येत नाही.

'ओपनहायमर' (२०२३) मध्ये तो शास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन झाला. बोंगो वाजवणारा आणि अणुस्फोट गाडीच्या काचेआडून बघणारा तरुण आठवतोय? तोच. २०२५ मध्ये 'नोव्होकेन' आला. त्यात तो बँकेतला असिस्टंट मॅनेजर आहे, ज्याला वेदनाच जाणवत नाहीत. हात भाजला तरी कळत नाही. इथे मात्र सिनेमा त्याच्याच खांद्यावर होता.

अशा स्टारपुत्रांना अमेरिकेत 'नेपो बेबी' म्हणतात. हा शिक्का मारला की पोराची मेहनत झाकली जाते, असं मेग रायनचं म्हणणं. आईच ती, बाजू घेणारच. पण सात वर्षांचा हिशेब बघितला तर तिचं अगदीच चूक नाही.

जाता जाता एक सूचना. 'द बॉइज'मध्ये रक्तपात आणि शिवीगाळ भरपूर आहे. मालिका १८ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी आहे, तेव्हा लहान पोरं शेजारी असताना मोबाइलवर लावू नका.