परदेशी निघताना : विनिमय दर आणि राहणीचा खर्च

जबलपूरच्या ओमती भागातून नोकरीसाठी वा शिक्षणासाठी परदेशी निघालेल्या माणसाला दोन हिशेब मांडावे लागतात. आपल्या रुपयांचे तिकडच्या चलनात किती होतात, हा पहिला. त्या चलनात तिकडे किती दिवस निभाव लागतो, हा दुसरा. बहुतेक कुटुंबे पहिला हिशेब बातम्यांतील दरावरून करतात आणि दुसरा अंदाजाने. दोन्हींत चूक होते, आणि दुसऱ्या हिशेबातील चूक अधिक महाग पडते.

जबलपूर हे मराठी माणसाला परके शहर नाही. १८१७ पर्यंत येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल होता. पुढे न्यायालये, रेल्वे आणि संरक्षण साहित्याचे कारखाने यांच्या निमित्तानेही मराठी कुटुंबे येथे येत राहिली. आज त्यांची पुढची पिढी जर्मनी, कॅनडा, आखाती देश आणि ऑस्ट्रेलियाकडे पाहत आहे. चलन बदलून घेण्याची कटकटही या भागाला नवी नाही. नागपूरच्या आणि सागरच्या टांकसाळीतील रुपयांचे मोल सारखे नव्हते. एक देऊन दुसरा घेताना सराफ बट्टा कापून घेत असे. कंपनी सरकारने १८३५ मध्ये सर्वत्र एकाच वजनाचा रुपया लागू केला आणि ही पद्धत हळूहळू मागे पडली. परकीय चलनाच्या व्यवहारात बट्टा मात्र अजून आहे; तो आता दरातच मिसळलेला असतो, एवढाच फरक.

दर एक नसतो

बातम्यांत सांगितला जाणारा डॉलरचा दर हा बँकांमधील आपापसांतील मोठ्या व्यवहारांचा असतो. सामान्य ग्राहकाला तो मिळत नाही. त्याला मिळणारे दरही वेगवेगळे असतात : खात्यातून परदेशी खात्यात रक्कम पाठविण्याचा एक, प्रवासी कार्डात चलन भरण्याचा दुसरा आणि नोटांचा तिसरा. यांत नोटा सहसा सर्वांत महाग पडतात, कारण त्या आणणे, सांभाळणे आणि त्यांचा विमा उतरविणे यांचा खर्च विक्रेता दरात धरतो. उदाहरणादाखल, बँकांमधील दर ९० रुपये आहे असे समजू. रक्कम पाठविण्यासाठी ९१ आणि नोटांसाठी ९३ रुपये दर असेल, तर दोन हजार डॉलरच्या नोटांना चार हजार रुपये जास्त मोजावे लागतील. उरलेल्या नोटा परत विकताना विक्रेत्याचा खरेदी दर लागतो, आणि तो ९० च्याही खाली असतो. म्हणजे त्याच नोटांवर दोनदा बट्टा बसतो.

‘कोणतेही शुल्क नाही’ अशी पाटी दिसली की दर विचारावा. शुल्क नसेल तर नफा दरात असतो. फुकट चलन कोणी विकत नाही. यावर वस्तू व सेवा कर वेगळा लागतो, पण तो पूर्ण रकमेवर नसतो. एक लाख रुपयांच्या चलनासाठी करपात्र मूल्य एक हजार रुपये धरले जाते आणि त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे १८० रुपये कर होतो. दहा लाखांच्या व्यवहारात तो ९९० रुपये भरतो. दरातील फरकापुढे ही रक्कम किरकोळ आहे, तरी अनेक ग्राहक करासाठी वाद घालतात आणि दराबद्दल विचारतही नाहीत.

जबलपूरच्या डुमना विमानतळावरून परदेशी विमाने जात नाहीत. प्रवासी मुंबई वा दिल्लीमार्गे जातात. चलन तेथील विमानतळावर घेऊ, असे ठरविणे खर्चिक ठरते, कारण घाईच्या ग्राहकाला तेथे सहसा चांगला दर मिळत नाही. निघण्यापूर्वी आठवडाभर आधी शहरातील बँक आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेला चलन विक्रेता, अशा किमान दोन ठिकाणी एकाच दिवशी दर विचारावेत. पासपोर्ट आणि पॅन जवळ ठेवावे. पन्नास हजार रुपयांपर्यंतचेच चलन रोख देऊन घेता येते. त्यापुढील रक्कम धनादेशाने वा खात्यातून द्यावी लागते. पावती जपून ठेवावी.

मर्यादा आणि उगमस्थानी कर

भारतात राहणाऱ्या व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर नेता येते. २००४ मध्ये ही योजना सुरू झाली तेव्हा मर्यादा पंचवीस हजार डॉलर होती. ऑगस्ट २०१३ मध्ये रुपया घसरत असताना ती दोन लाखांवरून पंचाहत्तर हजारांवर आणण्यात आली आणि २०१५ मध्ये अडीच लाखांवर गेली. बहुतेक देशांच्या एका प्रवासासाठी नोटांच्या स्वरूपात मात्र तीन हजार डॉलरपर्यंतच चलन मिळते.

कुटुंबांची खरी अडचण होते ती उगमस्थानी गोळा होणाऱ्या करामुळे. १ एप्रिल २०२५ पासून एका वर्षात दहा लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर हा कर लागत नाही. पूर्वी ही मर्यादा सात लाख होती. मान्यताप्राप्त वित्तसंस्थेच्या शैक्षणिक कर्जातून शुल्क भरल्यास तो त्याच तारखेपासून पूर्णपणे काढून टाकण्यात आला. स्वतःच्या पैशांतून शिक्षणासाठी पाठविलेल्या दहा लाखांवरील रकमेचा दर पाच टक्के होता. तो दोन टक्के करण्याचा प्रस्ताव २०२६-२७ च्या अर्थसंकल्पात मांडण्यात आला. नातेवाइकाच्या निर्वाहासाठी वा गुंतवणुकीसाठी रक्कम पाठविल्यास मात्र दर वीस टक्के आहे. बारा लाख पाठविले, तर दोन लाखांवर चाळीस हजार रुपये. हा जादा कर नव्हे. प्राप्तिकराच्या विवरणपत्रात तो वळता करून घेता येतो. परंतु तोपर्यंत रक्कम अडकते, आणि मुलाच्या पहिल्या घरभाड्याच्या वेळीच ती हाताशी नसते. रक्कम पाठविण्याचे कारण अर्जात नेमके लिहावे, ते याचसाठी.

राहणीचा खर्च किती धरावा

नातेवाइकांनी सांगितलेल्या आकड्यांपेक्षा त्या त्या देशाच्या सरकारने विद्यार्थ्यांसाठी ठरविलेली किमान रक्कम हा अधिक भरवशाचा पाया होय. जर्मनीत सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो बंदिस्त खात्यात दाखवावे लागतात, आणि त्यातून महिन्याला ९९२ युरोच काढता येतात. कॅनडात ही रक्कम अनेक वर्षे दहा हजार कॅनेडियन डॉलर होती. १ जानेवारी २०२४ पासून ती २०,६३५ आणि १ सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५ झाली. ऑस्ट्रेलियाने मे २०२४ मध्ये २९,७१० ऑस्ट्रेलियन डॉलर ठरविले. हे सारे आकडे शिक्षण शुल्क वगळून आहेत, आणि ते किमान आहेत. मोठ्या शहरात एकट्याने खोली घेऊन राहणाऱ्याला ते पुरतीलच असे नाही.

पहिला महिना नेहमीच जड जातो. घराची अनामत, आगाऊ भाडे, गरम कपडे, भांडीकुंडी आणि प्रवासाचा पास हे सर्व एकदम येते, आणि नोकरदाराचा पहिला पगार महिनाअखेरीस मिळतो. दुबईत वर्षाचे भाडे मोजक्या धनादेशांत आगाऊ देण्याची रीत आहे. त्यामुळे मासिक पगार पुरेसा असूनही सुरुवातीला कर्ज काढण्याची वेळ येते.

आता पगाराविषयी. ओमतीतल्या घरी बसून डॉलरच्या पगाराला ९० ने गुणले की आकडा डोळे दिपवतो. पण २०१७ च्या आंतरराष्ट्रीय तुलना कार्यक्रमात असे दिसून आले की, अमेरिकेत एका डॉलरला मिळणाऱ्या वस्तू व सेवा भारतात सरासरी २०.६५ रुपयांत मिळत होत्या, आणि त्या वर्षी बाजारातील दर ६५.१२ रुपये होता. म्हणजे तिकडे खर्च होणाऱ्या डॉलरला इकडच्या बाजारदराने गुणणे व्यर्थ आहे. गुणावी ती फक्त शिल्लक. पगारातून कर, भाडे, विमा आणि जेवणखाण वजा जाता जे उरते आणि घरी येते, त्यालाच पूर्ण विनिमय दर मिळतो. देश निवडताना पगाराची नव्हे, या शिलकीची तुलना करावी.

रुपयाची घसरण याच कारणाने कोणाला मारते, कोणाला तारते. ऑक्टोबर २०२२ मध्ये डॉलरने ८३ रुपयांची पातळी ओलांडली आणि डिसेंबर २०२५ मध्ये ९० ची. ८३ च्या दराने आखणी केलेल्या विद्यार्थ्याला तीस हजार डॉलरचे शुल्क ९० च्या दराने भरताना दोन लाख दहा हजार रुपये जास्त लागतात. घरी पैसे पाठविणाऱ्या नोकरदाराला तोच फरक लाभाचा ठरतो. संयुक्त अरब अमिरातीचा दिरहॅम १९९७ पासून एका डॉलरला ३.६७२५ या दराने बांधलेला असल्यामुळे तेथील कमाईही डॉलरबरोबरच चालते. दराचा तळ गाठण्याच्या मोहात न पडता विद्यार्थ्यांनी रक्कम तीन-चार टप्प्यांत घ्यावी, हे बरे.

मागे राहिलेले खाते

नोकरीसाठी परदेशी गेलेली व्यक्ती परकीय चलन कायद्यानुसार अनिवासी ठरते. विद्यार्थ्यांनाही रिझर्व्ह बँकेने २००३ मध्ये हाच दर्जा दिला. अशा व्यक्तीचे जुने बचत खाते अनिवासी साधारण, म्हणजे एनआरओ खात्यात बदलून घ्यावे लागते. आईवडील त्याच खात्यातून वर्षानुवर्षे व्यवहार करीत राहतात आणि बँकेला कळवायचे राहून जाते, ही सर्रास आढळणारी चूक आहे. परदेशातील कमाईसाठी एनआरई खाते उघडावे. त्यातील रक्कम विनाअडथळा परत नेता येते. एनआरओ खात्यातून कर भरल्यानंतर वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंतच नेता येते.

कायमचे परतल्यावर वा सुटीत आल्यावर येथील रहिवाशाला दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा जवळ ठेवता येतात. त्यावरील नोटा १८० दिवसांच्या आत विकाव्या लागतात. नाणी मात्र येथे बहुतेक ठिकाणी कोणी घेत नाही. ती तिकडच्या विमानतळावर चहाकॉफीत संपवूनच विमानात बसावे.