एका फसलेल्या लशीनंतर

1956 साली वॉशिंग्टनच्या वॉल्टर रीड लष्करी संशोधन संस्थेतल्या चिंपांझींना सर्दी झाली. शिंका, वाहती नाकं आणि त्यातून हाती लागलेला एक अनोळखी विषाणू. पुढच्याच वर्षी डॉ. रॉबर्ट चॅनॉक यांना तो बाल्टिमोरच्या आजारी बाळांमध्ये सापडला. हाच आरएसव्ही. धडधाकट माणसाला तो चार दिवसांची सर्दी देऊन जातो. तान्ह्या बाळाच्या बारीक श्वासनलिका मात्र सुजतात, छातीत घरघर सुरू होते, दूध ओढायलाही दम पुरत नाही. म्हाताऱ्या माणसांनाही तो न्यूमोनियापर्यंत नेतो.

फॉर्मॅलिनने विषाणू मारून केलेली साल्क यांची पोलिओ लस तेव्हा यशस्वी ठरली होती. तीच रीत इथे वापरली गेली आणि 1966 मध्ये बाळांना लस टोचली गेली. हिवाळ्यात साथ आली तेव्हा वॉशिंग्टनच्या चाचणीत ही लस घेतलेल्या 20 बाळांना संसर्ग झाला; त्यांतल्या 16 जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं. ही लस न मिळालेल्या 21 संसर्गित बाळांपैकी तशी वेळ एकावरच आली.

दोन बाळं दगावली. दोघंही लस घेतलेली.

या धक्क्यानंतर बाळांसाठी लस करायला कुणी सहजी धजावेना. 1998 मध्ये पॅलिविझुमॅब आलं, पण ती लस नव्हती. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना दर महिन्याला टोचायची तयार प्रतिपिंडं होती.

ती लस उलटली का, हे कोडं सुटलं ते 2013 मध्ये. विषाणू पेशीत शिरतो तो एफ प्रथिनाच्या जोरावर आणि शिरताना हे प्रथिन आपला आकार पालटतं. जेसन मॅक्लेलन, बार्नी ग्रॅहम आणि सहकाऱ्यांनी त्याचा शिरकावाआधीचा आकार उलगडला आणि तो तसाच टिकवून धरण्याची युक्ती शोधली. फॉर्मॅलिनच्या लशीत हा आकार उरलेलाच नव्हता. तिने तयार झालेली प्रतिपिंडं विषाणूला चिकटत, पण त्याला रोखू शकत नसत.

मे 2023 मध्ये अमेरिकेत साठीपुढच्यांसाठी पहिली लस मंजूर झाली. ऑगस्टमध्ये गर्भवतींसाठीही मंजुरी मिळाली: 32 ते 36 आठवड्यांत आईला टोचायची, प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात.

आरएसव्हीमुळे 2019 मध्ये जगात पाच वर्षांखालची सुमारे 1 लाख मुलं दगावली, असा अंदाज आहे. त्यांतली 95 टक्क्यांहून अधिक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली होती. दर चारांतली जवळपास तिघं रुग्णालयाबाहेर गेली. म्हणूनच अमरावती जिल्ह्यातल्या मेळघाटात या विषाणूचा अभ्यास करणाऱ्यांना तो पाड्यापाड्यांवर, घराघरांत जाऊन करावा लागला.