दोन विहिरी

भाट्याच्या आमच्या आगरात एक बाव आहे. आमच्याकडे विहिरीला बाव म्हणतात. जांभ्याच्या चिऱ्यांनी बांधलेली, जेमतेम सोळा-सतरा फूट खोल. एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला, सह्याद्रीतून उतरलेली काजळी नदी जिथे समुद्राला मिळते ती खाडी. एवढ्या खाऱ्या शेजारात गोडं पाणी मिळतं याचं लहानपणी कधी नवल वाटलं नाही. ते असायचंच.

नव्वदच्या दशकात मी पुण्यात पेट्रोलियम इंजिनीअरिंग शिकत होतो. तिसऱ्या वर्षाच्या मेच्या सुट्टीत घरी आलो तेव्हा आत्येने विचारलं, "तू विहिरींचंच शिकतोस ना रे? मग आपल्या बावीचं पाणी वैशाखात मचूळ का होतं ते सांग. पूर्वी नव्हतं होत." मी हसलो. म्हटलं, "आत्ये, त्या तेलाच्या विहिरी." ती म्हणाली, "विहीर ती विहीर."

तिच्या प्रश्नाचं उत्तर तेव्हा माझ्याच पिशवीत, त्या सत्राच्या वहीत होतं. प्रकरणाचं नाव 'वॉटर कोनिंग'. त्यावर परीक्षेत दहा मार्कांचा प्रश्न हमखास यायचा आणि मी तो चांगला लिहायचो. वहीतली विहीर आणि आगरातली बाव एकच आहे हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली. त्यात माझा मठ्ठपणा किती आणि अभ्यासक्रमाच्या इतिहासाचा वाटा किती, याचा हिशोब मी अजून करतो आहे.

हा इतिहास तेलापासून नाही, पाण्यापासूनच सुरू होतो. फ्रान्समधल्या दिजों गावचा इंजिनीअर हेन्री दार्सी याने गावाला कारंज्यांतून स्वच्छ पाणी मिळावं म्हणून आयुष्य घालवलं. उतारवयात, तब्येत ढासळलेली असताना, त्याने लोखंडी नळकांड्यात वाळू भरून तिच्यातून पाणी किती वेगाने झिरपतं ते मोजलं आणि १८५६ साली दिजोंच्या सार्वजनिक कारंज्यांवरच्या जाडजूड ग्रंथाच्या एका परिशिष्टात मांडलं. १८५८ च्या जानेवारीत तो वारला. आज जगभर तेलाच्या खडकाची पार्यता ज्या एककात मोजतात ते 'दार्सी' याच माणसाच्या नावाचं. चांगला तेलसाठा म्हणजे काहीशे मिलीदार्सी. भाट्याच्या किनाऱ्यासारखी स्वच्छ वाळू दहा-वीस दार्सी किंवा त्याहून जास्त. आम्ही हे एकक रोज वापरत होतो. तो नळाच्या पाण्याचा माणूस होता हे मात्र कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

समुद्रकाठच्या विहिरीचं कोडं सोडवलं दोघांनी, एकमेकांना न ओळखता. डच लष्करातल्या बादोन खायबेन या कॅप्टनने १८८९ च्या सुमारास ॲमस्टरडॅमजवळच्या वाळूच्या टेकड्यांखालच्या पाण्याबद्दल लिहिलं, आणि जर्मनीच्या हेर्झबर्गने १९०१ साली उत्तर समुद्रातल्या बेटांवरच्या विहिरींबद्दल. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, कारण ते हलकं असतं. किती हलकं? समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा अडीच टक्के जड. म्हणजे गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या एक फूट वर असेल तर त्याची तळी, कागदावर तरी, चाळीस फूट खोल जाते. भाट्याला खाली चिकणमाती किंवा कातळ आडवा येत असणार, खाडीचं पाणीही बाजूने ढोसत असणार. त्यामुळे चाळीसचा आकडा शब्दशः घेऊ नये. पण या हिशोबाची दुसरी बाजू भीतिदायक आहे. वरची पातळी सहा इंच उतरवलीत तर खालचं खारं पाणी वीस फूट वर यायला बघतं.

आता तेलाकडे. अमेरिकेत पिट्सबर्ग विद्यापीठाने १९१० पासून पेट्रोलियम इंजिनीअरिंग शिकवायला घेतलं. त्याच शहरात गल्फ कंपनीच्या प्रयोगशाळेत मॉरिस मस्कट आणि वायकॉफ काम करत होते. तेलाखाली बहुधा खारं पाणी असतं. विहिरीतून तेल हळू उपसलं तर ते पाणी खाली गप्प बसतं. घाईने उपसलं तर विहिरीच्या तोंडाखाली पाण्याचा शंकू उभा राहतो, आणि एका मर्यादेनंतर तो थेट विहिरीत घुसतो. १९३५ साली त्या दोघांनी याचं गणित मांडलं. दोन वर्षांनी आलेल्या मस्कटच्या ग्रंथाच्या नावात 'तेल' हा शब्दच नाही. सच्छिद्र माध्यमातून वाहणारे द्रव, एवढंच. धरणाखालून होणाऱ्या झिरपणीचीही गणितं त्यात आहेत. त्याच्या दृष्टीने हा एकच विषय होता.

तो फुटला शिकवण्यात. आपल्याकडे धनबादची खाणकामाची संस्था १९२६ ची. तेल आणि नैसर्गिक वायू आयोग १९५६ साली झाला आणि १९५७ पासून धनबादला पेट्रोलियम इंजिनीअरिंग सुरू झालं. १९६० साली अंकलेश्वर सापडलं. फेब्रुवारी १९७४ मध्ये जपानमध्ये बांधलेल्या 'सागर सम्राट'ने मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर आत समुद्रात चुनखडकात तेल शोधलं. मुंबई हाय! पुढच्या काळात माझ्यासारख्या मराठी मुलांना हा विषय घ्यावासा वाटला तो याच शब्दांमुळे. साधारण त्याच सुमाराला, १९७२ च्या दुष्काळाच्या आगेमागे, महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षणाची सरकारी यंत्रणा उभी राहिली. तिथे भूशास्त्राचे पदवीधर गेले. धरणं सिव्हिलवाल्यांची, त्यांना भूशास्त्राचा एखादा पेपर. तेल आमचं. एकाच दार्सीची तीन घरं झाली, आणि ज्याचा पैसा त्याचं गणित अशी वाटणी पक्की झाली. रत्नागिरीच्या किनाऱ्याचं नाव खनिजांच्या कागदपत्रांत येतं तेसुद्धा काळ्या वाळूतल्या इल्मेनाइटसाठी, म्हणजे टायटॅनियमसाठी. त्या वाळूत साठणाऱ्या गोड्या पाण्याचा भाव कुणी काढला नाही.

संशोधनात मात्र हे घरभेद तितके टिकले नाहीत, हे नमूद केलं पाहिजे. साठच्या दशकात इस्रायलमध्ये, जिथे किनाऱ्यावरच्या विहिरी खाऱ्या होणं हा जगण्याचा प्रश्न होता, शंकूचं हेच गणित गोड्या-खाऱ्या पाण्याला लावून पाहिलं गेलं. १९६९ साली श्मोराक आणि मर्काडो यांनी तिथल्या विहिरींवरची प्रत्यक्ष मोजमापं प्रसिद्ध केली. विहिरीचा तळ आणि खारं पाणी यांच्यात जेवढं अंतर, त्याच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत शंकू चढला तर सांभाळता येतो. त्यापुढे तो आवरत नाही. हा निबंध मी वाचला चाळिशी उलटल्यावर, भलत्याच कामासाठी शोधाशोध करताना. वाचता वाचता थांबलो आणि आत्येला फोन केला. पंप कधी बसवला ते विचारायला.

त्याआधी रहाट होता. रेडा गोल फिरायचा, लोटे वरचं वरचं पाणी उचलून पन्हळीत ओतायचे. रेडा दमला की शिंपणं थांबायचं आणि तेवढ्यात बाव भरून यायची. रहाटाला 'क्रिटिकल रेट' ओलांडणं शक्यच नव्हतं. वीज आली, तीन अश्वशक्तीचा पंप आला, त्याचा फूटवॉल्व्ह साहजिकच तळाशी टेकवला, आणि दीड तासात आगर शिंपून व्हायला लागलं. 'पूर्वी नव्हतं होत' हे आत्येचं वाक्य इतकं अचूक होतं.

तेलविहिरीपेक्षा बावीचं प्रकरण नाजूक आहे. तेल आणि त्याखालचं पाणी यांच्या घनतेत जो फरक असतो त्याच्या साधारण सातवा-आठवा हिस्साच इथे मिळतो. शंकू दाबून धरायला एवढंच बळ. शिवाय तेल पाण्यात मिसळत नाही, गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं. उपसा थांबवल्यावर शंकू बसतो, पण वाळूत खारटपणा ठेवून जातो. तो धुऊन निघायला मृगाची वाट पाहावी लागते. माड हे बऱ्यापैकी सोसतो. भाट्याचं नारळ संशोधन केंद्र १९५५ पासून याच वाळूवर उभं आहे. पोफळी तेवढं सोसत नाहीत, आणि प्यायच्या पाण्याचं तर विचारूच नका.

उपायही वहीतलाच निघाला. तेल काढताना विहिरीची भोकं पाण्यापासून होता होईतो उंच ठेवतात आणि उपसा कमी. आम्ही फूटवॉल्व्ह चार फूट वर घेतला, पंप अर्ध्या अश्वशक्तीचा केला, शिंपण्याचे सकाळ-संध्याकाळ दोन हप्ते केले. गडीमाणसाने सरळ सांगितलं की याने माझा दिवस जातो, आणि त्याचं खरं होतं. त्याची मजुरी वाढवली.

पहिल्या मेमध्ये फारसा फरक पडला नाही. दुसऱ्या वर्षी आत्येने ओंजळभर पाणी तोंडात घोळवून पाहिलं आणि म्हणाली, "हां. चहा करता येईल." मी मोजपट्टी आणि क्षारता मोजायचं यंत्र घेऊन बसलो होतो, आकडाही खाली आला होता. एका विहिरीवरून, दोन वर्षांवरून काही सिद्ध होत नाही. त्या वर्षी पाऊसही लांबला होता.

यंदा शेजारच्या आगरात बोअर मारली आहे. आमच्या बावीपासून साठ-सत्तर फुटांवर, खोल, आणि पंप मोठा, कारण तिथे पर्यटकांसाठी खोल्या बांधल्यात. शंकूला गडग्याची हद्द कळत नाही, हे मी आत्येला मातीत काडीने चित्र काढून समजावलं. तिने ते नीट पाहिलं, पायाने पुसलं आणि म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? त्यांच्याकडे जा. आणि वही घेऊन जा."