बट्टा

'नावाला बट्टा लागला' असे आपण म्हणतो, तेव्हा या शब्दातला सराफाचा हिशेब सहसा ध्यानात येत नाही. पेशवाईत चांदवडी, अंकुशी अशी नाना नाणी चालत. एक देऊन दुसरे घेताना सोसावी लागणारी तूट म्हणजे बट्टा. १८३५ मध्ये कंपनी सरकारने एकच रुपया प्रमाण ठरविला. नाण्यांमधला बट्टा हळूहळू संपला. पौंडाशी असलेला मात्र उरला. एरंडोलसारख्या खानदेशी कापूसमुलखात तो कसा पोहोचला, हे आम्हांस पाहण्यासारखे वाटते.

हिल्टन यंग आयोगाने १९२६ मध्ये रुपयाचा दर महायुद्धापूर्वीच्या १६ पेन्सांऐवजी १८ पेन्स सुचविला. १९२७ मध्ये तसा कायदा झाला. पूर्वी पौंडाचे १५ रुपये येत, ते १३ रुपये ५ आणे ४ पै झाले. पौंडात तोच भाव मिळूनही कापसामागे नववा हिस्सा गळाला. सारा आणि सावकाराचे देणे मात्र रुपयांतच, होते तेवढेच राहिले. आयोगाचे सदस्य पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनी १६ पेन्सांच्या बाजूने भिन्नमत नोंदविले. ते मानले गेले नाही.

१९६६ च्या अवमूल्यनात डॉलर ४.७६ वरून ७.५० रुपयांवर गेला, तेव्हा पारडे उलटे झुकले, आयात महागली. दर बदलतो म्हणजे बट्टा एकाच्या पदरातून दुसऱ्याच्या पदरात जातो. विनिमयदराचा इतिहास वाचताना म्हणूनच आकड्यांआधी तो पदर कोणाचा, हे विचारावे.