औषध विषाच्या आधी की नंतर?

फुरसे चावले की दंशाच्या जागी सूज येते, हिरड्यांतून रक्त येऊ लागते. रक्त गोठेनासे होते हे त्याचे एक कारण. दुसरे कारण रक्तवाहिन्यांच्या भिंतीत आहे. केशवाहिनीच्या पेशींना बाहेरून कोलॅजेनच्या पातळ पटलाचा आधार असतो. विषातील काही विकरे हे पटल कापतात. मग दुबळी झालेली भिंत आतल्या रक्ताच्या दाबानेच ताणून फाटते.

हे नुकसान मोजायचे कसे? १९६० मध्ये जपानच्या कोंडो व सहकाऱ्यांनी हाबू सापाचे विष सशाच्या कातडीत टोचले आणि चोवीस तासांनी कातडीच्या आतल्या बाजूचा रक्ताचा डाग मोजला. १० मिलिमीटर व्यासाचा डाग पाडणारी विषाची मात्रा हे एकक ठरले. औषधाने डाग किती लहान होतो, हे आता आकड्यात सांगता येऊ लागले.

१९७८ मध्ये अमेरिकेत ब्यार्नासन व टू यांना खुळखुळ्या सापाच्या अशा विकरांत जस्त आढळले. जस्त काढून घेतल्यावर विकराने रक्तस्राव होईना. औषधाला नेम धरायला जागा मिळाली.

२००० मध्ये कोस्टारिकातील संशोधकांनी, मुळात कर्करोगासाठी बनवलेले बॅटिमास्टॅट हे औषध तेथील एका सापाच्या विकरावर तपासले. दोन्ही आधी मिसळून टोचली, तर रक्तस्राव झाला नाही. पण साप औषध मिसळून चावत नाही! म्हणून त्यांनी आधी विकर टोचले, मग त्याच जागी औषध दिले. लगेच दिले तेव्हा गुण आला. जसजसा उशीर केला तसतसा तो घटला. हे औषध विकराला अडवते, फाटलेली भिंत शिवत नाही.

आपल्या खेड्यांतून दवाखान्यापर्यंतचा वेळ आठवला की या निष्कर्षाचे महत्त्व कळते. २०२० मध्ये लिव्हरपूलच्या गटाने जड धातूंच्या विषबाधेवरचे युनिथिऑल हे औषध निवडले, कारण ते जस्त पकडते आणि तोंडावाटे देता येते. पश्चिम आफ्रिकेतील फुरशाचे विष टोचलेल्या उंदरांना ते आधी व प्रतिविष नंतर दिल्यावर चांगले संरक्षण मिळाले. अर्थात ही कसोटी उंदरांवरची; माणसाला सर्पदंश झाल्यावर आजही प्रतिविषासाठी तातडीने रुग्णालयच गाठायचे.

सर्पदंशावर नवे औषध सापडल्याची बातमी वर्गात वाचली, तर आपण मुलांना एवढेच शोधायला सांगू या: ते विषाआधी दिले, विषाबरोबर की नंतर? आणि नंतर, तर किती वेळाने?